छायाचित्र सोळा आणे खरे दिसावे म्हणून

२०२४ सालच्या दिवाळी पाडव्यास आमच्या घरच्या कापड दुकानाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. १९४९ साली याच मुहूर्तावर वडिलांनी तालुक्याच्या गावी ही पेढी उघडली होती. मी बँकेच्या नोकरीत गेलो. दुकान मोठ्या बंधूंनी आणि त्यांच्यामागे पुतण्यांनी सांभाळले. अमृतमहोत्सवानिमित्त सगेसोयरे, जुने ग्राहक, व्यापारी मित्र आणि दुकानातील आजी-माजी नोकर अशा साऱ्यांना स्नेहभोजनास बोलावले होते. भोजनापूर्वी पंधरा मिनिटांचा स्लाइड शो दाखवावा, असे धाकट्या पुतण्याने ठरविले. त्याने हौसेने दीडशे छायाचित्रे जमविली, त्यांना संगीत जोडले आणि व्यासपीठामागे बारा फूट रुंदीचा एलईडी पडदा भाड्याने आणविला.

पहिलेच छायाचित्र वडिलांचे होते. दुकानाच्या पहिल्या दिवशी गादीवर बसलेले असताना कोणीतरी टिपलेले. त्यांच्या तरुणपणाचे घरात तेवढे एकच छायाचित्र आहे. पडद्यावर चेहरा आला तो करड्या चौकोनांचा. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग, मिशीच्या जागी एक पट्टा. पहिल्या रांगेत बसलेल्या एक्क्याण्णव वर्षांच्या आईने माझ्या पत्नीला हळूच विचारले, "हे कोण गं?"

त्या क्षणी आम्ही साऱ्यांनी दोष आईच्या दृष्टीला दिला. वास्तविक तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असून वर्तमानपत्रातील मथळे ती आजही वाचते. दुसऱ्या दिवशी तीच चित्रफीत मी घरच्या टीव्हीवर पुन्हा पाहिली आणि प्रांजळपणे कबूल करतो, खालची ओळ वाचली नसती तर मलाही वडील ओळखू आले नसते. दोष आईचा नव्हता. पडद्याचाही नव्हता. तो आमच्या हाताळणीचा होता.

लग्नाचा सुवर्णमहोत्सव, वडीलधाऱ्यांची पंच्याहत्तरी, दुकानाचा वर्धापनदिन, श्रद्धांजली सभा अशा प्रसंगी हल्ली प्रत्येक कुटुंबात असा छायाचित्रांचा संच दाखविला जातो. आमची चूक इतरांकडून होऊ नये, या हेतूने पुढील चार गोष्टी लिहीत आहे. मी तंत्रज्ञ नाही. पण बँकेत आयुष्य काढल्यामुळे हिशेब कोठे फुटला हे मागे मागे जाऊन शोधण्याची सवय आहे. या प्रकरणीही मी तेच केले.

प्रतीची प्रत, तिचीही प्रत

पडद्यावर चित्रे दाखविण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर हाताने रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. मागे दिवा, मध्ये काच, पुढे भिंग अशी ती रचना होती. पुढे १९३५ साली कोडॅक्रोम फिल्म आली आणि छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरच्या रंगीत पारदर्शिका घरोघरच्या भिंतींवर दिसू लागल्या.  या दोन्ही पद्धतींत दिव्याचा प्रकाश मूळ चित्रातूनच जात असे. चित्र अस्पष्ट दिसले तर भिंग फिरवावे, एवढाच उपाय होता आणि तो बहुधा पुरत असे.

आज तसे राहिले नाही. पडद्यावर जे जाते ते मूळ चित्र नसते. ती प्रत असते, आणि बहुतेक वेळा प्रतीच्या प्रतीची प्रत. आमच्या वडिलांच्या छायाचित्राचा माग काढला तेव्हा पुढील साखळी हाती लागली. मूळ छापील प्रत बंधूंच्या घरच्या अल्बममध्ये, प्लास्टिकच्या आवरणाखाली. एका भाचीने आवरण न काढता, ट्यूबलाइटखाली, मोबाइलने तिचा फोटो घेतला. तो कुटुंबाच्या मोबाइल-गटावर टाकला. एका नातलगाने तो उतरवून न घेता पडद्याचाच स्क्रीनशॉट काढला आणि आपल्या शाखेच्या गटावर धाडला. पुतण्याने तेथून घेतला, फक्त चेहरा कापून घेतला आणि संचात बसविला. पाच हातांतून गेलेली ती फाइल उघडून मी माप पाहिले. रुंदी २०३, उंची २७०.

या दोन आकड्यांचा अर्थ समजला की निम्मा विषय समजला.

चित्रबिंदू म्हणजे मुद्दल

डिजिटल छायाचित्र बारीक रंगीत बिंदूंचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात; आपण चित्रबिंदू म्हणू. २०३ गुणिले २७० म्हणजे ५४,८१० बिंदू. चित्रफीत बनविली होती फुल एचडी मापाची, म्हणजे १९२० रुंद आणि १०८० उंच. त्या उंचीत चेहरा पूर्ण बसविण्यासाठी संगणकाने तो चौपट ताणला. उंची २७० ची १०८० झाली, रुंदी २०३ ची ८१२ झाली. आता बिंदू झाले ८,७६,९६०. मूळच्या बरोबर सोळा पट.

हे जादा बिंदू आले कोठून? संगणकाने शेजारचे दोन बिंदू पाहून मधला अंदाजाने भरला. त्यात नवी माहिती काहीच नव्हती. जुन्या भाषेत सांगायचे तर पडद्यावरच्या सोळा आण्यांपैकी एक आणा आमचा होता, पंधरा आणे उसने होते.

चित्रबिंदू हे मुद्दल आहे. ते खर्च करता येते, म्हणजे मोठे चित्र लहान करता येते आणि ते सहसा स्पष्टच दिसते. परंतु गेलेले मुद्दल परत आणता येत नाही. लहान केलेले चित्र पुन्हा मोठे केले तर आकार परत येतो, तपशील येत नाही. छायाचित्राची स्पष्टता टिकविण्याचा सारा विचार या एका वाक्यात सामावलेला आहे: मूळ प्रतीपर्यंत जा, पडद्याच्या मापाला एकदाच आणा, आणि जे नाही ते ताणून दाखवू नका.

गळती कोठे कोठे होते

पहिली गळती पाठविताना. आजच्या साध्या मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० मापाचा, म्हणजे एक कोटी वीस लाख बिंदूंचा असतो. मोबाइल-गटावर नेहमीच्या पद्धतीने पाठविला की त्याचे माप आणि वजन दोन्ही कमी केले जाते. मला आलेल्या अशा एका फोटोचे माप १६०० गुणिले १२०० निघाले, म्हणजे १९,२०,००० बिंदू. रोजच्या निरोपांसाठी हे ठीक आहे, पडद्यासाठी नाही. व्हॉट्सॲपवर २०२३ पासून 'एचडी' असा पर्याय आहे. तो थोडा बरा. सर्वांत उत्तम म्हणजे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावा. तसा जोडल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. ईमेल, गूगल ड्राइव्हचा दुवा किंवा सरळ पेन ड्राइव्ह हे मार्गही निर्धोक आहेत.

दुसरी गळती पुनःपुन्हा साठविताना. बहुतेक फोटो जेपेग प्रकारच्या फाइलमध्ये असतात. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे लहान चौकोन पाडते आणि डोळ्याला फारसा न जाणवणारा बारीक तपशील सोडून देऊन फाइल हलकी करते. तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळूर येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव या सहकाऱ्यांसमवेत १९७४ साली प्रसिद्ध केले. एकदा वापरली तर ही पद्धत अत्यंत गुणकारी आहे. परंतु फोटो उघडून, थोडा कापून किंवा उजळून पुन्हा जेपेगमध्ये साठविला की प्रत्येक वेळी थोडी नवी सोडझोड होते. व्याजाच्या हिशेबात दर टप्प्यावर पैसे सोडून रुपये धरत गेलो तर अखेरीस तेरीज जुळत नाही, तसेच हे. वडिलांच्या चेहऱ्यावर जे चौकोन दिसत होते ते हेच. येथे एक खुलासा करतो: फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा एका जागेहून दुसरीकडे कॉपी केल्याने काहीही झिजत नाही. बदल करून पुन्हा साठविल्यानेच झिजते.

तिसरी गळती स्क्रीनशॉटची. स्क्रीनशॉट म्हणजे फोटो नव्हे. मोबाइलच्या पडद्यावर त्या वेळी जेवढे दिसत होते तेवढ्याचे चित्र. फोटोने पडद्याचा अर्धाच भाग व्यापला असेल तर स्क्रीनशॉटात त्याच्या वाट्याला तेवढेच बिंदू येतात. छायाचित्र मागविताना नातलगांना 'स्क्रीनशॉट नको' हे दोन शब्द आवर्जून कळवावेत.

चौथी गळती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पॉवरपॉइंटमध्ये संच बांधला तर फाइल साठविताना तो कार्यक्रम आपल्या सोयीसाठी चित्रे हलकी करू शकतो. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या मार्गाने गेल्यावर 'इमेज साइज अँड क्वालिटी' या शीर्षकाखाली 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' अशी चौकट मिळते. तिच्यात खूण करावी, आणि ती छायाचित्रे घालण्यापूर्वीच करावी. नंतर केल्यास आधी गेलेले परत येत नाही.

जुन्या छापील छायाचित्रांची नवी प्रत

घरातील खरे मोलाचे फोटो कागदावर असतात. त्यांचा मोबाइलने घेतलेला फोटो ही घाईची सोय आहे. शक्य तेथे फ्लॅटबेड स्कॅनर वापरावा. किती डीपीआय ठेवावे, हा प्रश्न मला सर्वांनी विचारला. त्याचा हिशेब सोपा आहे: इंचांतील माप गुणिले डीपीआय म्हणजे बिंदू. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर घेतला तर २४०० गुणिले ३६०० बिंदू मिळतात. तेवढे भरपूर झाले. पासपोर्ट आकाराचा, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयवर घेतला तर जेमतेम ४१३ गुणिले ५३१ बिंदू हाती येतात. तोच १२०० वर घेतला तर साधारण १६५० गुणिले २१०० मिळतात. फोटो जितका लहान, डीपीआय तितके जास्त, हे सूत्र ध्यानात ठेवावे. स्कॅनरच्या खोक्यावर कधी फार मोठा आकडा छापलेला असतो. त्यातला 'ऑप्टिकल' या शब्दापुढचा आकडाच खरा धरावा, बाकीचा उसना.

वडिलांच्या छायाचित्राची छापील प्रत सव्वादोन बाय सव्वातीन इंचांची निघाली. त्या काळच्या साध्या बॉक्स कॅमेऱ्याची फिल्म कागदावर ठेवून तितक्याच मापाचे ठसे काढीत. अशा ठशात तपशील चांगला उतरलेला असतो. १२०० डीपीआयवर त्याचे ३९०० गुणिले २७०० बिंदू मिळाले. कागदात मुळात जेवढा तपशील आहे त्याहून अधिक स्कॅनर काढू शकत नाही, हे खरे. पण जेवढा आहे तेवढा तरी पदरात पडला.

स्कॅन करताना काही पथ्ये पाळावीत. स्कॅनरची काच मऊ कापडाने पुसून घ्यावी. फोटोवरील धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी; ओला बोळा फिरवू नये. फोटो अल्बमच्या पानाला चिकटला असेल तर ओढून काढू नये, फाटतो. अशा वेळी प्लास्टिकचे आवरण अलगद उचलता आल्यास उचलावे, अल्बम दिवसाउजेडी खिडकीजवळच्या सावलीत ठेवावा, फ्लॅश बंद करावा आणि मोबाइल पानाला अगदी समांतर धरून फोटो घ्यावा. स्कॅन केलेली पहिली फाइल शक्यतो टिफ प्रकारात किंवा जेपेगच्या सर्वोच्च दर्जात साठवावी. फोटोची निगेटिव्ह सापडली तर फारच उत्तम. मात्र तिला मागून प्रकाश देणारा फिल्म स्कॅनर लागतो आणि २४०० किंवा अधिक डीपीआय ठेवावे लागतात.

पडद्याचे माप

पडदा मोठा म्हणजे चित्रही मोठेच लागणार, ही समजूत सरसकट खरी नाही. पडद्याची फुटांतील रुंदी वेगळी आणि त्यातील बिंदू वेगळे. फुल एचडी टीव्हीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार बिंदू असतात. फोरके टीव्हीत त्याच्या चौपट. परंतु ज्या एलईडी पडद्यात दोन दिव्यांतील अंतर तीन मिलिमीटर आहे, असा बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच पडदा घेतला तर त्यात सुमारे बाराशे गुणिले सातशे, म्हणजे जेमतेम साडेआठ लाख बिंदू भरतात. हातातल्या मोबाइलमध्ये बहुधा याहून अधिक असतात! म्हणून कार्यालयाच्या व्यवस्थापकांना किंवा पडदा पुरविणाऱ्यांना दोन प्रश्न आधीच विचारावेत: पडद्यात आडवे-उभे बिंदू किती, आणि पडद्याचा आकार सोळास नऊ या प्रमाणात आहे की चारास तीन. भाड्याच्या प्रोजेक्टरचेही तसेच. अनेक जुने प्रोजेक्टर केवळ १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचे असतात.

आपला संच त्याच प्रमाणात बांधावा. उभ्या छायाचित्रांची येथे फार गैरसोय होते. 'पडदा भरून टाका' हा पर्याय निवडला तर ३००० गुणिले ४००० मापाच्या उभ्या फोटोतील ४००० पैकी केवळ १६८८ ओळी उरतात. निम्म्याहून अधिक चित्र कापले जाते आणि बहुधा डोकी जातात. त्यापेक्षा फोटो पूर्ण उंचीत बसवावा आणि दोन्ही बाजूंस साधा काळा किंवा गडद रंग ठेवावा. चित्र रिकाम्या जागेत उठून दिसते. जागा भरण्यासाठी त्याचा बळी देऊ नये.

संच बांधताना

छायाचित्रांची निवड करताना प्रत्येक फोटो संगणकावर शंभर टक्के मापात उघडावा आणि डोळ्यांकडे पाहावे. डोळे स्पष्ट असतील तर फोटो चालेल. घेतानाच हात हललेला असेल तर पुढील कोणताही उपाय चालत नाही. आम्ही दुसऱ्या खेपेस दीडशेंचे नव्वद केले. पंधरा मिनिटांत दीडशे म्हणजे प्रत्येकी सहा सेकंद. नव्वद म्हणजे दहा. वृद्ध माणसांना चेहरा ओळखून नाव आठवायला एवढा अवधी हवा असतो.

छायाचित्र हळूहळू जवळ येते किंवा सरकत जाते, असा परिणाम सर्वांना आवडतो. त्यासाठी बिंदूंची शिल्लक लागते. पडद्यावर दीडपट जवळ न्यायचे असेल तर १९२० च्या जागी २८८० आणि १०८० च्या जागी १६२० बिंदू हाताशी हवेत. नसतील तर फोटो स्थिर ठेवावा. शिल्लक पाहूनच धनादेश लिहावा, हा नियम येथेही लागू आहे.

शेवटी चित्रफीत तयार करताना मापाचा पर्याय विचारला जातो. पॉवरपॉइंटमध्ये 'एक्स्पोर्ट' या ठिकाणी 'क्रिएट अ व्हिडिओ' निवडल्यावर अल्ट्रा एचडी, फुल एचडी, एचडी आणि स्टँडर्ड असे पर्याय येतात. फुल एचडीपेक्षा खाली येऊ नये. तयार झालेली चित्रफीत पेन ड्राइव्हवर न्यावी. ती मोबाइल-गटावर पाठवून तेथून उतरविली, तर साऱ्या मेहनतीवर शेवटच्या पायरीवर पाणी पडते.

तीक्ष्णता आणि खोटी नोंद

फोटो संपादनाच्या प्रत्येक कार्यक्रमात 'शार्पन' नावाचा पर्याय असतो. तो तपशील निर्माण करीत नाही. कडांच्या एका बाजूस थोडे गडद आणि दुसऱ्या बाजूस थोडे उजळ करतो, त्यामुळे कडा ठसठशीत वाटतात. मिठासारखा वापरावा: फोटो पडद्याच्या मापाला आणल्यानंतर, सर्वांत शेवटी, एकदाच आणि चिमूटभर. केसांभोवती पांढरी रेघ दिसू लागली की प्रमाण जास्त झाले असे समजावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने चेहरे लख्ख करून देणारे कार्यक्रम आता मोबाइलवरही मिळतात. पुतण्याने वडिलांच्या त्या २०३ गुणिले २७० च्या फाइलवर तो प्रयोग केला. चेहरा खरोखर लख्ख झाला, पण तो वडिलांचा नव्हता. तिरपी भुवई सरळ झाली होती, हनुवटीवरचा लहानसा व्रण नाहीसा झाला होता, डोळे कोणा अनोळखी तरुणाचे होते. यंत्राने हजारो चेहरे पाहून रिकाम्या जागा भरल्या होत्या. हिशेबाच्या वहीत रक्कम आठवत नसेल तर जागा कोरी सोडतात, अंदाजाने आकडा लिहीत नाहीत. ज्या पूर्वजाचे एकच छायाचित्र आहे त्याच्या बाबतीत तर हा नियम कडक पाळावा. नातवंडे उद्या त्याच चेहऱ्याला पणजोबा समजतील. ओरखडे, डाग काढणे वेगळे. चेहरा नवा घडविणे वेगळे. तसे कोणी केलेच तर मूळ फोटो शेजारी दाखवावा.

कार्यक्रमाच्या दिवशी

प्रोजेक्टर पडद्यासमोर अगदी सरळ ठेवावा. तिरका ठेवून बटणाने आकार सरळ केला, तर ती दुरुस्ती चित्रबिंदू ताणून-दाबून केली जाते आणि स्पष्टता घटते. दिवा लावल्यावर काही मिनिटे थांबून मग भिंग जुळवावे, आणि ते जुळविताना पडद्यावर बारीक अक्षरे असलेले पान ठेवावे. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलऐवजी एचडीएमआय वापरावी. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पडद्याच्या मूळ मापाचाच आकडा निवडावा.

टीव्हीवर दाखविणार असाल तर चित्राच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'फिट टू स्क्रीन' अशा नावाचा पर्याय पाहावा. तो बंद असल्यास काही टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा कापतात. 'शार्पनेस' पूर्ण वाढविलेला असेल तर कमी करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे: कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच पडद्यावर, शेवटच्या रांगेत बसून पहिली पाच छायाचित्रे पाहावीत. आम्ही ही एकच गोष्ट केली असती, तर बाकीच्या चुका त्याच दिवशी उघड झाल्या असत्या.

पुन्हा एकदा, घरी

महिन्याभराने पुतण्याने आणि मी संच नव्याने बांधला. वडिलांचा फक्त चेहरा न घेता पूर्ण छायाचित्र घेतले. ३९०० गुणिले २७०० चे ते चित्र पडद्यावर १५६० गुणिले १०८० मध्ये बसले. म्हणजे अडीच पट जवळ नेले तरी एकही बिंदू उसना घ्यावा लागत नव्हता. एका रविवारी संध्याकाळी घरच्या टीव्हीवर ते लावले आणि आईला समोर बसविले.

आईने लगेच काही म्हटले नाही. नंतर म्हणाली, "टोपी तिरकी आहे. त्या दिवशी घाईत निघाले होते." मग तिने उजवीकडे बोट दाखविले. तेथे काखेत कापडाचा तागा धरून दहा-बारा वर्षांचा एक मुलगा अर्धवट दिसत होता. आजवर आमच्यापैकी कोणाचे त्याच्याकडे लक्ष गेले नव्हते. कार्यक्रमात दाखविलेल्या चित्रातून तर तो कापलाच गेला होता. आईने त्याचे नाव सांगितले. तो आमच्या दुकानाचा पहिला नोकर. त्याचा नातू आज आमच्या दुकानात कापड मोजतो, आणि अमृतमहोत्सवाच्या दिवशी त्याच पडद्याखाली उभा राहून पाहुण्यांना पाणी देत होता.

पुतण्याने त्या छापील प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने दोन्ही नावे, गाव आणि '१९४९, पाडवा' असे लिहिले. स्कॅनच्या फाइललाही तेच नाव दिले. 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ती फाइल ठेवली आणि त्या फोल्डरमधील कोणत्याही फाइलवर काम करायचे नाही, काम करायचे ते प्रत काढून, असा नियम केला. त्या फोल्डरच्या तीन प्रती तीन घरांत ठेवल्या आहेत. छायाचित्राची एक छापील प्रत त्या नातवालाही दिली.

वाचकहो, आपल्या घरीही असा एखादा अल्बम कपाटात असेल. पुढच्या समारंभाची वाट न पाहता तो या सुट्टीत बाहेर काढा. स्कॅनर नंतरही मिळेल. चेहरे ओळखून नावे सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसा.